जयंत्यांचे पंचांग आणि हिशेबाच्या तारखा

एप्रिलचा पूर्वार्ध महाराष्ट्रात समतेच्या नावाने साजरा होतो. ११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. या दोन तारखांच्या आगेमागे शासनाचा सामाजिक समतेचा सप्ताह येतो, शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने होतात, कचेऱ्यांतून प्रतिमापूजन होते आणि महिना संपण्यापूर्वी हे सारे वातावरण ओसरते. दरवर्षी मग तोच प्रश्न नव्याने विचारला जातो. समतेसाठी वर्षातील काही दिवस राखून ठेवल्याने समता जवळ येते, की उरलेल्या दिवसांची जबाबदारी झटकण्याची सोय होते?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेला एक आठवडा कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये सुरू केला. अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिन ज्या आठवड्यात साजरे होत, तो फेब्रुवारीतील आठवडा त्याने निवडला. पन्नास वर्षांनी, १९७६ मध्ये, त्या आठवड्याचा महिना झाला आणि अध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. पुढे २००५ मध्ये मॉर्गन फ्रीमन या नामवंत कृष्णवर्णीय अभिनेत्यानेच या महिन्याची संभावना हास्यास्पद अशा शब्दांत केली. कृष्णवर्णीयांचा इतिहास हा अमेरिकेचाच इतिहास असताना तो एका महिन्यात का कोंबावा, असा त्याचा सवाल होता. त्याच महिन्याच्या धर्तीवर २०१५ च्या सुमारास दलित इतिहासाचा महिना पाळण्याची कल्पना पुढे आली आणि त्यासाठी एप्रिलच निवडला गेला. वर्ण आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. परंतु जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा व्यवहार दोन्हींत समान आहे. हे नातेही नवे नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने गेलेल्या अर्जाची माहिती मागविली होती.

अशा राखीव दिवसांविरुद्धचा आक्षेप उथळ म्हणून सोडून देता येणार नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लागतो, त्याला पुरणपोळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी मानेवर पुन्हा जू येते. समतेच्या सप्ताहाचेही तसेच होते, अशी टीका होते. दुसरा दोष याहून खोल आहे. थोर पुरुषांची जातवार वाटणी होते. एखाद्या कचेरीत वा महाविद्यालयात आंबेडकर जयंतीचे काम त्या समाजातील शिक्षकाकडे किंवा लिपिकाकडे आपोआप सोपविले जाते, इतरेजन उपस्थितीची सही करून मोकळे होतात. ज्या दिवसाने भिंत पाडावयाची, त्याच दिवसाने भिंत कुठे आहे हे सर्वांना दाखवून द्यावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

तथापि या दिवसांचा जन्म शासनाच्या परिपत्रकातून झालेला नाही, हेही विसरून चालणार नाही. आंबेडकर जयंती सार्वजनिक रीतीने साजरी करण्याचा पहिला मान पुण्याच्या जनार्दन सदाशिव रणपिसे यांना दिला जातो आणि ते वर्ष होते १९२८. त्या वेळी बाबासाहेबांचे नाव पाठ्यपुस्तकात नव्हते, सुट्टीच्या यादीत नव्हते. ज्यांच्या इतिहासाला शाळेत जागा नव्हती, त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून आपला इतिहास रस्त्यावर आणला. ६ डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आजही पुस्तकांची जी विक्री होते, ती पाहिली म्हणजे या परंपरेचे बळ ध्यानात येते. हातावर पोट असलेला माणूस प्रवासखर्च करून येतो आणि परतताना ग्रंथ विकत घेतो, ही घटना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे. असा दिवस रद्द करा म्हणणाऱ्यांनी, त्याने जे दिले ते अन्य कोणत्या मार्गाने मिळाले असते, हे आधी सांगितले पाहिजे.

मग दोष कोठे आहे? महाडच्या तारखा क्रमाने वाचल्या तर याचे उत्तर सापडते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. पण तीन वर्षे त्या तळ्याला अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्याकडे चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, शुद्धीकरणाचे विधी झाले, दावे झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. २० मार्च ही तारीख मोठी झाली ती त्या दिवशी कागदावरच्या हक्काची प्रत्यक्षात मागणी झाली म्हणून. आज तोच दिवस सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्या दिवशी कोणत्या कागदी हक्काची मागणी होते, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही.

वास्तविक मागणी करण्याजोगे हक्क आणि त्यांच्या तारखा कायद्यात भरपूर आहेत. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय दक्षता समितीने वर्षातून निदान दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, भरले पाहिजे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दर तीन महिन्यांनी. म्हणजे समतेसाठी राखीव महिने कायद्यानेही नेमून दिलेले आहेत! फरक एवढाच की त्यांना ना पताका आहेत, ना व्याख्याते. एप्रिल प्रत्येकाला ठाऊक आहे. जानेवारी आणि जुलैचे हे महत्त्व फारच थोड्यांना. या बैठका वेळेवर होत नाहीत, अशी तक्रार कार्यकर्ते वारंवार करीत आले आहेत आणि तिचा आवाज वाद्यांच्या गजरात विरून जातो.

पैशाच्या बाबतीतही हेच आढळते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च केली पाहिजे, जिल्हा परिषदेने २० टक्के. राज्याच्या पातळीवर लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ठेवण्याचे तत्त्व आदिवासी उपयोजनेच्या रूपाने पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून मान्य झाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ११.८ टक्के आणि जमातींचे सुमारे ९.४ टक्के. हा निधी अन्यत्र वळू नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये कायदे केले. महाराष्ट्रात तशा कायद्याची मागणी अनेक वर्षे होत आली आहे. खर्च न झालेली रक्कम आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला, हातची जाण्याची भीती असते. २० मार्च त्याच्या अवघे अकरा दिवस आधी येतो.

हा सारा विषय एका लहान भूभागावर उतरवून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होईल. पुण्याला पाणी पुरविणारी मुठा नदी मुळशी तालुक्यातून खाली उतरते आणि तिच्याच नावाचे मुठा हे गाव त्या खोऱ्यात आहे. मुळशी तालुक्यात कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. महाराष्ट्रातील विशेष दुर्बल ठरविलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी हा एक, उरलेले दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. यांच्यासाठी दिवसांचा तोटा नाही. ९ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरविलेला आदिवासी दिन आहे. १५ नोव्हेंबर, बिरसा मुंडा यांचा जन्मदिन, २०२१ पासून जनजातीय गौरव दिन म्हणून पाळला जातो. २०२३ साली याच दिवशी अशा दुर्बल जमातींसाठी सुमारे २४ हजार कोटी रुपयांची 'पीएम-जनमन' योजनाही जाहीर झाली. म्हणजे राखीव दिवसामुळे काही घडतच नाही, हे म्हणणे खरे नाही.

परंतु कातकऱ्याच्या आयुष्यात आणखी एक तारीख आहे, जिचा उत्सव कोणी करीत नाही. ६ सप्टेंबर १९५०. अनुसूचित जमातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला आणि जमातीचा दाखला मागणाऱ्याला त्या तारखेपूर्वी आपले कुटुंब या राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, जे पोटासाठी डोंगरपायथ्यांनी फिरत राहिले, त्यांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद आणावयाचा कोठून? दाखला नाही म्हणून सवलत नाही. वाडी अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर. म्हणून घरकुल मंजूर झाले तरी बांधण्यास जागा नाही. मुळशी अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. गौरवाच्या दिवशी यांतील एकही गाठ सुटत नाही, कारण त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत ती गाठ नसतेच.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ग्रामसभेचे परंपरेने चालत आलेले चार दिवस म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पैकी पहिल्या दोन सभांच्या वेळी हा माणूस बहुधा भट्टीवर असतो. १५ नोव्हेंबरच्या सुमारास तर त्याच्या निघण्याची तयारी चाललेली असते. ज्याचा गौरव करावयाचा, तो गावात केव्हा असतो, एवढीही चौकशी दिवस ठरविताना झालेली दिसत नाही.

मात्र याच माहितीतून एक साधा मार्गही दिसतो. ९ ऑगस्टला कातकरी वाडीवर असतो आणि सहा दिवसांनी ग्रामसभा असते. ९ तारखेला शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वाडीवर बसून किती जणांकडे दाखला नाही, किती घरांखालची जागा कोणाच्या नावावर आहे, याची यादी करावी आणि १५ तारखेला ती ग्रामसभेत वाचली जाऊन ठरावात यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. हेच सूत्र इतर दिवसांनाही लागू पडते. १४ एप्रिलनंतर १ मेची ग्रामसभा येते. तेथे १५ टक्क्यांचा खर्च आकड्यांनिशी वाचता येईल. २० मार्चला अखर्चित निधीचा जाब विचारता येईल. राजर्षी शाहूंच्या जयंतीनंतर, म्हणजे २६ जूननंतर, जुलै येतो आणि ६ डिसेंबरनंतर जानेवारी. दक्षता समितीची बैठक भरणार की नाही, हे त्या व्यासपीठांवरून विचारता येईल. जयंत्यांचे पंचांग आणि हिशेबाच्या तारखा जणू शेजारी शेजारीच मांडलेल्या आहेत. त्या एकत्र वाचण्याची सवय तेवढी समाजाला लागलेली नाही.

यावर असे म्हटले जाईल की, वर्षभर राबणाऱ्या माणसाच्या एका आनंदाच्या दिवसालाही आकडेमोडीचे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. ढोल वाजावेत, मिरवणूक निघावी. ज्यांना शतकानुशतके रस्त्यावरून ताठ मानेने चालता आले नाही, त्यांच्या मिरवणुकीवर नाक मुरडण्याचा अधिकार इतरांना नाही. हिशेबाचे काम त्यांच्यावर टाकावयाचेही नाही. ते ग्रामपंचायतीचे, तहसीलदाराचे, प्राध्यापकांचे आणि लिपिकांचे काम आहे; म्हणजे आज जे प्रतिमेला हार घालून जागेवर जाऊन बसतात, त्यांचे. असे झाले तर जयंती एका समाजाची न राहता सर्वांची होण्याची शक्यताही अधिक. कारण एकत्र केलेल्या कामाने माणसे जितकी जवळ येतात, तितकी एकत्र ऐकलेल्या भाषणाने येत नाहीत.

शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या तो हुकूम २६ जुलै १९०२ चा. महाराष्ट्र त्यांचा जन्मदिन सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो. हुकुमाची तारीख पुष्कळांना आठवत नाही. जन्माचा दिवस स्मरणात राहतो आणि निर्णयाचा विसरला जातो, ही खोड जुनी आहे. पुढील ९ ऑगस्टला मुळशीतील एखाद्या शाळेने प्रभातफेरीनंतर वाडीवर जाऊन दाखल्यांची यादी केली, तर त्या दिवसाला प्रथमच निर्णयाच्या तारखेचे मोल येईल. यादीतील शेवटच्या नावापुढे 'दाखला मिळाला' अशी नोंद होईपर्यंत तो दिवस पाळण्याची गरज आहे. आणि ती नोंद ज्या वर्षी होईल, त्या वर्षीची मिरवणूक सर्वांत मोठी निघावी.