कुलूप भक्कम, कोयंडा कच्चा

गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातून रोजगारासाठी होणारे हंगामी स्थलांतर नवे नाही. मागे राहते ते कुलूपबंद घर. तेच कुलूप चोराला घर रिकामे असल्याची वर्दी देते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु शिक्षेने गेलेली पुंजी परत येत नाही. कॅमेरा न परवडणाऱ्या कुटुंबाने प्रथम कोयंडा पाहावा. तो आखूड स्क्रूंवर असेल, तर महागडे कुलूपही त्यासह उखडते. आरपार बोल्टने आवळल्यास तो सहजी निघत नाही. त्यापुढची राखण शेजाऱ्याची: सायंकाळी दिवा, अंगणात झाडू. बंद घरे गोव्यालाही नवी नाहीत. तुटत चाललेला शेजार मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.