खारीच्या पिलाचें उष्टावण

उन्हाळ्याचे दिवस सुरू झाले, कीं आम्हांस एका विशिष्ट प्रकारचीं पत्रें येऊं लागतात. वळचण साफ करतांना घरटें मोडलें, त्यांतून खारीचें पिलूं खालीं पडलें, मुलांनीं तें खोक्यांत कापसावर ठेविलें आहे. आतां त्यास काय पाजावें? पत्र बहुधा घरांतील सूनबाईंचें असतें, आणि खालीं मुलांच्या हातचें 'लवकर कळवा' असें लिहिलेलें असतें. आमचें उत्तर पोंचेपर्यंत पिलास दम निघत नाहीं, म्हणून या खेपेस या विषयाचा एकदां विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच घरीं असें एक पिलूं आलें होतें. डोळे न उघडलेलें, अंगठ्याएवढें. गाईचें दूध म्हणजे अमृत, असें वडील मंडळींनीं एकमुखानें सांगितलें, आणि आम्हांसही तें पटलें. कोंबट दूध कापसाच्या वातीनें दर तासास पाजलें. दुसऱ्या दिवशीं पिलाचें पोट फुगलें, हगवण लागली, आणि तिसऱ्या दिवशीं पहाटे तें गेलें. मायेची उणीव नव्हती. घरांतील चार माणसें रात्रभर जागत होतीं. उणीव होती ती माहितीची.

गाईचें दूध अमृत आहे हें खोटें नव्हे. पण तें वासराचें अमृत आहे. गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा ४ च्या आसपास, तर दुग्धशर्करा शेंकडा ५ च्या जवळपास असते. खारीच्या जातीच्या प्राण्यांच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें याहून कितीतरी अधिक, आणि शर्करा मात्र कमी. म्हणून गाईच्या दुधानें पिलाचें पोषण होत नाहीं तें नाहींच. उलट न पचलेली शर्करा आंतड्यांत आंबते, वायु धरतो, आणि २० ग्रॅम वजनाच्या त्या जिवाच्या अंगांतलें पाणी पाहतां पाहतां आटतें. म्हशीचें दूध अधिक स्निग्ध खरें, परंतु शर्करा त्यांतही जवळ जवळ तेवढीच. तान्ह्या मुलांसाठीं मिळणारें डब्याचें दूध आईच्या दुधाच्या नमुन्यावर केलेलें, म्हणून त्यांत शर्करा गाईच्या दुधाहूनही जास्त. सहज मिळण्याजोग्या वस्तूंत खारीच्या दुधास बरीच जवळची अशी एकच, ती म्हणजे कुत्र्याच्या पिलांसाठीं विकत मिळणारी दुधाची भुकटी. डब्यावर लिहिल्याप्रमाणें ती उकळून कोंबट केलेल्या पाण्यांत कालवावी. तींत साखर अगर मध घालूं नये.

परंतु दुधाच्याही आधीं तीन गोष्टी आहेत. पहिली ही, कीं पिलूं धडधाकट असेल तर त्याच्या आईस शोधावें. पिलास ऊब देऊन एका लहानशा करंडींत घालावें, करंडी घरट्याजवळच्या फांदीस बांधावी, आणि दिवसाउजेडीं कांहीं तास दुरून लक्ष ठेवावें. माणसाचा हात लागलेलें पिलूं आई टाकते, ही समजूत चुकीची आहे; खार येते आणि पिलास तोंडांत धरून नेते. मांजरानें तोंड लावलें असेल, तर मात्र वाट न पाहतां त्यास पशुवैद्याकडे न्यावें. जखम दिसत नसली तरी मांजराच्या दांतांवरील जंतु बाधतात. दुसरी गोष्ट ऊब. गार पडलेल्या पिलास दूध पचत नाहीं. गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे उकडल्यास त्यास दुसरीकडे सरकतां येतें. तिसरी गोष्ट पाणी. दवाखान्यांत मिळणारी जलसंजीवनी पुडीवरील प्रमाणानें करून पहिल्या दोन वेळां तीच कोंबट पाजावी. मग पातळ दूध द्यावें, आणि एका दिवसांत हळूहळू तें नेहमींच्या दाटपणावर आणावें.

पाजण्यास वात नको, चमचा नको; १ मिलीलिटरची, सुई काढलेली पिचकारी घ्यावी. पिलास उताणें निजवून कधींही पाजूं नये. त्यास हातांत उभें धरावें, आणि थेंब थेंब दूध त्याच्या गतीनेंच द्यावें. नाकांतून दूध आलें, तर तत्काळ थांबून डोकें खालीं करावें व नाक पुसावें. छातींत गेलेलें दूध बहुधा जीव घेतें. एका वेळचें माप वजनाच्या शेंकडा ५ धरावें, म्हणजे २० ग्रॅमच्या पिलास १ मिलीलिटर. डोळे मिटलेले असतां दर दोन-तीन तासांनीं, आणि उघडल्यावर दर चार तासांनीं पाजावें. दर वेळीं कोंबट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें त्याच्या शौचाच्या जागा हलकेच पुसाव्या. आई हें काम जिभेनें करते, आणि त्यावांचून लहान पिलास लघवीही होत नाहीं. स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर रोज सकाळीं पाजण्यापूर्वीं पिलूं तोलावें, आणि आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पोटभर पाजलें कीं नाहीं, याचा खरा साक्षीदार तोच.

पुढल्या वर्षीं आमच्या घरीं दुसरें पिलूं आलें, तें अशा रीतीनें जगलें. सुमारे तीन आठवड्यांचें होतां त्याचे डोळे उघडले. आणखी दोन-तीन आठवड्यांनीं तें वाटीची कड कुरतडूं लागलें. तें पाहून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अग, याचें उष्टावण करा आतां!" आम्हांस तो शब्द फार आवडला; कारण उष्टावण झालें म्हणून कोणी दुसऱ्या दिवशीं मुलाचें दूध बंद करीत नाहीं.

येथेंच पुष्कळ घरें चुकतात. पिलूं खाऊं लागलें, कीं दूध एकदम तोडतात, आणि आठवड्याभरांत तें वाळतें. आधीं रात्रीचें एक पाजणें कमी करावें, चार दिवस वजन पाहावें, मग दुसरें. वजन उतरलें तर एक पाऊल मागें यावें. साधारण आठ ते दहा आठवड्यांत दूध सुटतें. तोंवर काकडी, भोपळा, पेरू, कोवळ्या शेंगा, कळ्या, झाडाचीं कोवळीं पानें असें रोज थोडें थोडें समोर ठेवावें. दुसरी चूक लाडाची. शेंगदाणे आणि सूर्यफुलाचें बीं पिलास इतकें आवडतें, कीं मुलें दुसरें कांहीं देतच नाहींत. या दाण्यांत चुना अगदीं थोडा. केवळ त्यांवर वाढलेल्या पिलाचीं हाडें मऊ पडतात आणि मागचे पाय लुळे होतात. म्हणून दाणे अगदीं मोजके द्यावे. समुद्रफेसाचा तुकडा आणि सालीसकट एक काटकी कुरतडण्यास ठेवावी, कारण खारीचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. आणि पिंजऱ्यावर रोज थोडें कोंवळें ऊन पडूं द्यावें.

आतां शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. आमच्या घरचें पिलूं झुपकेदार शेंपटीचें झालें, मुलांच्या खांद्यावर चढूं लागलें, आणि तें आपलेंच आहे असें सर्वांस वाटूं लागलें. परंतु खार हें वन्य जनावर आहे. अशा प्राण्यांच्या रक्षणासाठीं १९७२ सालीं कायदा झालेला आहे. पिलूं सांपडतांच वनखात्यास कळवावें आणि त्यांच्या सल्ल्यानें वागावें, हें उत्तम. दूध सुटल्यावर त्यास हाताळणेंही कमी करीत जावें. जी खार माणसास भीत नाहीं, ती मांजरासही भीत नाहीं. आम्हीं पिंजरा आठवडाभर परसांतल्या आंब्यापाशीं ठेवला, आणि मग एके सकाळीं दार उघडून दिलें. धाकटा मुलगा रुसून जेवला नाहीं. तेव्हां सासूबाईंनीं त्यास जवळ घेऊन सांगितलें, "बाळ, आपण दूध कशासाठीं पाजलें? त्याला आपलें दूध लागूं नये म्हणून."

पुढें कांहीं दिवस तें पिलूं सायंकाळीं पिंजऱ्यांत येऊन ठेवलेलें खाई. मग येईनासें झालें. आंब्यावर आज पुष्कळ खारी आहेत. त्यांतली आपली कोणती, हें ओळखतां येत नाहीं. मुलगा आतां तसें विचारीतही नाहीं. मात्र उन्हाळ्यांत वळचण झाडण्यापूर्वीं तो स्वतः शिडीवर चढून, आंत घरटें तर नाहीं ना, हें पाहून येतो.