ल्युर, गळ आणि नोंदवही

कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘ल्युर’ हा शब्द नवा नाही. सापळ्यातील ती इवलीशी रबरी गोळी मादी पतंगाच्या गंधाची नक्कल करते आणि नर पतंग फसून आत शिरतो. तथापि गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनात या ल्युरचे खरे मोल अडकलेल्या पतंगांत नसून त्यांच्या मोजणीत आहे. सलग तीन दिवस प्रति सापळा आठ पतंग आढळले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजून पुढील उपाय योजले जातात. सापळा लावला पण पतंग मोजलेच नाहीत, तर शेतात केवळ रबराची गोळी टांगल्यासारखे होते.

हाच शब्द हौशी मासेमारांच्या पेटीतही आहे. खाडीच्या काठी, धरणांच्या फुगवट्यावर आणि अलीकडे कृषी पर्यटन केंद्रांच्या तळ्यांवर रॉड, रीळ व कृत्रिम आमिषे घेऊन येणारा वर्ग दिसतो. तळ्यात कोणता मासा ठेवावा, कोणते आमिष चालते, परदेशात नावाजलेला ‘बास’ आणता येईल का, असे प्रश्न त्यातून उभे राहतात. या प्रश्नांकडे केवळ करमणुकीचा विषय म्हणून पाहणे ही चूक ठरेल. आमिषाची निवड ही माशाची, पाण्याची आणि अखेरीस शेतीचीही निवड असते.

नक्कल कशाची?

कृत्रिम आमिषाचे तत्त्व कामगंध ल्युरपेक्षा वेगळे नाही. समोरच्या जीवाच्या संवेदनेला फसवणे एवढेच त्यात असते. पतंगाची संवेदना गंधाची, तर शिकारी माशाची मुख्यतः दृष्टीची व कंपनाची. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. त्यामुळे गढूळ पाण्यात रंगाच्या बारकाव्यापेक्षा आमिषाची थरथर आणि आकृती महत्त्वाची ठरते, तर नितळ पाण्यात लहान, सौम्य रंगाचे आमिष अधिक विश्वासार्ह वाटते.

महाराष्ट्रात ‘बास’ या नावाला सर्वांत जवळचा मासा म्हणजे जिताडा, इंग्रजीतील आशियाई सी-बास. रायगडच्या खाड्यांत आणि खारभूमीच्या तळ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तो पाठलाग करण्यापेक्षा दबा धरून बसणारा शिकारी आहे. कांदळवनाची मुळे, पुलाचे खांब, ओहोटीला पाणी बाहेर पडते ते तोंड, ही त्याची ठिकाणे. म्हणून लहान माशाच्या आकाराचे आमिष आडोशाजवळ टाकून, थोडे ओढून, थांबवून, पुन्हा ओढणे ही पद्धत लागू पडते. अनेकदा थांबलेल्या क्षणीच मासा झडप घालतो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असल्याने विणलेल्या दोरीच्या टोकाला जाड, घर्षण सोसणारा लीडर जोडावा लागतो. एक बाब मात्र हौशी मासेमारांनी विशेष लक्षात ठेवावी. जिताडा आधी नर असतो व मोठा झाल्यावर मादी बनतो. सर्वांत मोठा मासा घरी नेणे म्हणजे बहुधा अंडी देणारी मादी नेणे होय.

गोड्या पाण्यात हेच स्थान मरळीचे. शेवाळ व पाणवनस्पतींच्या दाटीत राहणाऱ्या मरळीसाठी पृष्ठभागावरून सरकणारा रबरी बेडूक हे प्रभावी आमिष आहे. त्याचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले असल्याने वनस्पतींत अडकत नाहीत. कीटकशास्त्राच्या दृष्टीने या रबरी बेडकाचे आणखी एक पुण्य आहे. गळाला जिवंत बेडूक लावण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे आणि बेडूक हा भाताच्या खाचरातील किडींचा मोठा भक्षक आहे. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये थांबवली. रबरी बेडूक वापरणारा मासेमार त्याच विचाराला हातभार लावतो. मात्र तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर दिसत असेल, तर तेथे गळ टाकू नये. मरळीचे नर-मादी पिलांची राखण करतात व त्या काळात जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतात. अशी शिकार सोपी असते, पण तिच्यासोबत पिलांचा अख्खा थवा गमावला जातो.

पीण्यातून वाहणारे पाणी

आमिषांतील एक जुना प्रकार म्हणजे धातूचा ‘चमचा’. पितळेचा पत्रा दाबून वाकवलेला हा तुकडा पाण्यात डुलतो आणि लुकलुकतो. त्यावर निकेलचा आणि क्रोमचा मुलामा दिला, की तो आरशासारखा चमकतो. बंगळुरूच्या वायव्येला १९७० च्या दशकात वसलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात पत्रा दाबणे, घासणे आणि मुलामा देणे या सर्व प्रक्रिया रोज चालतात. देशातील लघुउद्योगांची ती एक मोठी वसाहत असून हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते. पण त्याच परिसरातील भूजलात षट्‌संयुजी क्रोमियम आढळल्याचेही नोंदले गेले आहे, आणि मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा प्रति लिटर ०.०५ मिलिग्रॅम आहे, एवढ्यावरूनच या धातूची विषारता ध्यानात यावी.

या भागाचे पाणी वृषभावतीच्या खोऱ्यात उतरते. शहराचे सांडपाणी घेऊन ती बिडदीजवळच्या बैरमंगल जलाशयात जाते. हा जलाशय सिंचनासाठी बांधला गेला आणि आजही त्या पाण्यावर पिके उभी राहतात. पुढे वृषभावती अर्कावतीला व अर्कावती संगम येथे कावेरीला मिळते. गळ टाकणाऱ्यांच्या जगात कावेरीचा हाच पट्टा महाशीरासाठी प्रसिद्ध आहे. संगमाच्या वरच्या अंगाला गलिबोरे व भीमेश्वरी ही ठिकाणे आहेत.

हौशी मासेमाराच्या पेटीतील चार चमचे हे या प्रदूषणाचे कारण नव्हे. नळाच्या तोट्यांपासून वाहनांच्या सुट्या भागांपर्यंत असंख्य वस्तूंना मुलामा लागतो. तरीही निवड करताना विवेक बाळगता येतो. गढूळ पाण्यात मुलामा नसलेला पितळेचा किंवा तांब्याचा चमचा तितकाच उपयोगी पडतो आणि काळवंडल्यास चिंचेने उजळता येतो. शिशाच्या वजनांबाबतही हेच म्हणता येईल. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक शिसे-वजनांवर बंदी घातली. पोलादाचे वजन तेच काम करते.

नदी बिघडत असल्याची पहिली बातमी मासा देत नाही. ती कीटक देतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या व पिले दगडांखाली राहतात आणि त्यांतील बहुतेक जाती प्रदूषण सहन करू शकत नाहीत. पाण्यातील प्राणवायू घटला, की त्या नाहीशा होतात व चिखलात लाल रंगाच्या कायरोनोमस अळ्या उरतात. त्यांच्या शरीरातील हिमोग्लोबिनमुळे त्या अल्प प्राणवायूतही तग धरतात. पिसे व धाग्याने बनवलेली ‘फ्लाय’ ही आमिषे मुळात याच कीटकांच्या नकला आहेत. ज्या नदीत अस्सल मेफ्लाय उरली नाही, तेथे तिची नक्कल वाहून नेण्यापूर्वी मासेमाराने चार दगड उलटून पाहावेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांखालून इंद्रायणी-भीमेच्या मार्गाने उजनीकडे जाणाऱ्या पाण्यालाही हीच कसोटी लागू आहे.

नोंदवहीने सांगितलेले सत्य

कावेरीच्या याच पट्ट्याने गळ आणि विज्ञान यांच्या नात्याचा मोठा धडा दिला आहे. गलिबोरेच्या तळावर मासा पकडून, मोजून परत सोडण्याची शिस्त होती आणि प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदींत २३,००० हून अधिक तासांचे गळ टाकणे आणि ६,००० हून अधिक महाशीर होते. संशोधकांनी त्या अभ्यासल्या तेव्हा वरवर आनंददायक चित्र दिसले, कारण प्रति तास मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत होती. खोलात गेल्यावर मात्र निराळे सत्य उमगले. वाढ निळ्या पराच्या महाशीराची होती. कावेरीचा स्वतःचा, कुबडा, नारिंगी पराचा महाशीर झपाट्याने घटत होता. १९४६ मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर गळाला लागला होता. त्या कुळातील या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित होण्यास २०१८ साल उजाडले आणि तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला होता.

निळ्या पराचा महाशीर आला कोठून? तो मूळचा कृष्णा खोऱ्यातला, म्हणजे महाराष्ट्राच्या घरचा. लोणावळ्याजवळील वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन झाले आणि त्याचे बीज इतर राज्यांतही गेले. हेतू संवर्धनाचाच होता. तरीही एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडल्याने तेथील मूळ मासा संकटात सापडला. नोंदवही नसती, तर वाढलेल्या संख्येचे कौतुकच होत राहिले असते.

देशातल्या देशात हलवलेल्या माशाची ही कथा असेल, तर परदेशी बासबाबत अधिक सांगण्याची गरज नाही. जपानमध्ये लार्जमाउथ बास १९२५ मध्ये आशी सरोवरात सोडण्यात आला. पुढे तो बिवा सरोवरातही पसरला. २००३ पासून तेथील प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडण्यास मनाई झाली व २००५ मध्ये परकीय आक्रमक जातींच्या कायद्याखाली तो आला. आणि २००९ मध्ये त्याच बिवा सरोवरात, अमेरिकेतील १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी करणारा दहा किलोंहून अधिक वजनाचा बास पकडला गेला. नको असलेला मासा एकदा स्थिरावला, की त्याचे चाहतेही तयार होतात आणि मग त्याला हटवणे पाण्यात तसेच समाजातही कठीण होते. उजनीच्या काठावर चिलापीचा अनुभव असलेल्या राज्याने हा धोका पत्करू नये. पावसाळ्यात शेततळ्याचा सांडवा वाहतो आणि तळ्यातील मासा ओढ्याला लागतो. शेततळे हे बंदिस्त पाणी आहे हा समज खरा नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गळाची हौस शेतकऱ्याला पूरक उत्पन्न देऊ शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यासाठी स्थानिक मासा पुरेसा आहे. रोहू, कटला, मृगळ यांना लकाकणारे आमिष नकोच. पिठाचा किंवा पेंडीचा गोळा त्यांना भावतो. मरळ ठेवायची असल्यास तळ्याभोवती जाळीचे कुंपण हवे, कारण ती तळ्याबाहेर निसटते. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तीन आकड्यांचा गळ सर्रास वापरू दिला, तर एका चुकीच्या फेकीत अस्तर फाटते. म्हणून लाकडी फळ्यांचा एक ठरावीक धक्का बांधावा, फेक तेथूनच व्हावी, एकेरी गळ असावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असावा. उतार निसरडे असल्याने दोर व तरंगते कडे हाताशी ठेवावे. धरण व तलावांवर मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचा हक्क असतो. त्यांच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये. अभयारण्यात तर मुळीच नाही.

आणि प्रत्येक धक्क्यावर एक वही असावी. तारीख, किती तास गळ टाकला, आमिष कोणते, मासा कोणता, लांबी किती, ठेवला की सोडला, पाणी नितळ की गढूळ, दगडाखाली कोणते कीटक दिसले, एवढे रकाने पुरेत. मासा लागला नाही, तर तेही लिहावे. कामगंध सापळ्यातील शून्य पतंगांचीही नोंद ठेवली, तरच पुढील आठ पतंगांना अर्थ प्राप्त होतो. तसेच रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाचे. रॉड, रीळ व दोरी यांच्यावर हजारो रुपये खर्च करणाऱ्या हौशी माणसाला दहा रुपयांची वही जड होऊ नये.

कृषी विस्ताराने शेतकऱ्याला सापळ्यासोबत मोजणी शिकवली. गळ टाकणाऱ्यालाही तेच शिकवण्याची वेळ आली आहे. पाणी पीण्याचे असो, पवनेचे असो वा एखाद्या शेततळ्याचे, त्याच्या प्रकृतीची खबर वर्षभर कोणी ठेवत असेल, तर ती काठावर तासन्‌तास बसणाऱ्या माणसानेच ठेवावी; त्याच्याइतका वेळ दुसऱ्या कोणाकडे नाही.