शॅमेलिऑनचा पिंजरा आणि घरातील ज्येष्ठ

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहावयास गेलेल्या ज्येष्ठांना तेथील घरी कधी कधी एक अनोळखी सोबती भेटतो. तो म्हणजे नातवाने हौसेने पाळलेला शॅमेलिऑन. रंग पालटणारा हा सरडा तिकडे पाळण्यासाठी विकत मिळतो. मुलगा-सून नोकरीवर आणि नातू शाळेत गेला, की त्याची देखरेख ओघानेच आजी-आजोबांकडे येते. त्यामुळे त्याचा पिंजरा केवढा असावा, हा प्रश्न केवळ त्या प्राण्याचा राहत नाही. तो ज्येष्ठांच्या आरोग्याशीही जोडला जातो.

येमेन व सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील ‘व्हेल्ड शॅमेलिऑन’ ही जात विशेष पाळली जाते. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह दीड ते दोन फूट लांब भरतो. त्याला किमान २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच पिंजरा हवा. मादी आकाराने लहान असते. तिला दीड फूट लांब-रुंद आणि ३ फूट उंच पिंजरा किमान लागतो. पिल्लू हातभरही नसते, म्हणून लहानसा पिंजरा आणला जातो. परंतु वर्षभरातच ते जवळजवळ पूर्ण वाढते. खरेदीच्या वेळी विचार मोठ्या प्राण्याचाच करावा.

येथे रुंदीपेक्षा उंचीला अधिक महत्त्व आहे. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी. त्याचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करून टिकवू शकत नाही. ऊब हवी असेल तेव्हा तो वरच्या फांदीवर जातो आणि गारवा हवा असेल तेव्हा खाली पानांत उतरतो. पिंजऱ्यात वर दिव्याखाली सुमारे ३० अंश सेल्सिअस आणि तळाशी २२ ते २४ अंश तापमान असावे. बुटक्या पिंजऱ्यात हा फरक राखता येत नाही आणि प्राण्याला उष्णतेपासून सुटका उरत नाही. अतिनील किरणांच्या दिव्याचेही तसेच आहे. त्या किरणांवाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. पण त्यांपासून दूर जाऊन सावलीत बसण्याची सोयही हवी. ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडे यांचा संबंध आपल्या वयाच्या वाचकांना निराळा सांगावयास नको.

पिंजरा जाळीचा असल्यास हवा खेळती राहते. काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तर प्रतिस्पर्धी समोर आला असे वाटून हा प्राणी अस्वस्थ होतो. एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन ठेवावा. त्याला सोबतीची गरज नसते. कोणी वरून पाहिले तरी तो घाबरतो. म्हणून पिंजरा जमिनीवर न ठेवता दोन फूट उंच, भक्कम बैठकीवर ठेवावा.

मात्र अशा वेळी पिंजऱ्याचा माथा सहा फुटांवर जातो, आणि ज्येष्ठांनी सावध राहावयाचे ते येथे. खाद्य घालण्यासाठी स्टुलावर चढणे सर्वथा टाळावे. खाद्याची वाटी छातीच्या उंचीवर, दाराजवळ अडकवून घ्यावी. पिंजरा भिंतीला पक्का बांधावा, म्हणजे आधारासाठी चुकून हात टेकला तरी तो कलंडणार नाही. पानांवर रोज पाणी फवारावे लागते. ते तळाच्या ताटात न साचता फरशीवर आले, तर घसरून पडण्याचा धोका असतो. दिव्यांच्या तारा जाण्या-येण्याच्या वाटेत नसाव्यात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील व्यक्ती आणि रोगप्रतिकारशक्ती दुबळी असलेले रुग्ण यांनी असे प्राणी व त्यांचा पिंजरा हाताळू नये, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. तेव्हा सफाई, ताट रिकामे करणे ही कामे घरातील धडधाकट प्रौढांनीच करावीत. पिंजऱ्यातील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. चुकून स्पर्श झालाच, तर साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

म्हणून पिंजऱ्याची मापे घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक प्रश्न विचारावा : तो रोज स्वच्छ कोण करणार? याचे उत्तर ‘आजोबा’ असे येत असेल, तर चार फुटांची जागा घरात असूनही तो प्राणी आणू नये. ज्येष्ठांनीही हे संकोच न बाळगता सांगावे. त्यात नातवावरील प्रेम उणे होत नाही.

भारतात आढळणाऱ्या शॅमेलिऑनला, म्हणजे घोयरा सरड्याला, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे; त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो. बागेत दिसला तर त्याला त्याच्या फांदीवरच राहू द्यावे. परदेशातील नातवाच्या शॅमेलिऑनचा आनंदही पिंजऱ्याबाहेर खुर्ची टाकून, निवांत बसून घेता येतो. त्याचा एक डोळा पुढे आणि दुसरा मागे फिरताना पाहणे, नातवाबरोबर त्याच्या बदलत्या रंगांची नोंद ठेवणे, एवढा वाटा ज्येष्ठांना पुरेसा आहे आणि सुरक्षितही.