'अनलिमिटेड बुफे'ची पावती नेमकी कुठे फाटते?

पणजीत मांडवीवर उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांची पॅकेजेस पाहिलीत? प्रवेश, थोडे चिप्स आणि वर 'अनलिमिटेड बुफे'. गोवन फिश करीपासून चायनीज, इटालियनपर्यंत सगळं एकाच छताखाली. ग्रुपमधला एक जण तरी म्हणतोच, "जेवणातच पैसे वसूल!"

युक्ती जुनी आहे. लास वेगासमध्ये १९४०च्या दशकात 'एल रांचो वेगास'ने एका डॉलरात पोटभर बुफे सुरू केला. जेवणात तोटा झाला तरी चालेल, रात्री भूक लागली म्हणून गिऱ्हाईक बाहेर पडता कामा नये, हा हिशेब. (आता वेगासचे बडे बुफेही चांगलेच महाग झालेत.)

थोडं गणित करू. एक शून्य असलेल्या रुलेटवर ३७ घरं असतात, पण आकडा लागला तर ३५ पटच मिळतात. म्हणजे लावलेल्या पैशांतले सरासरी २.७ टक्के कॅसिनोचे. तासाला ५०० रुपयांचे ४० डाव खेळलात, तर २० हजार फिरतात आणि सरासरी ५४० रुपये जातात. एखाद्या रात्री तुम्ही जिंकालही. पण जेवून पुन्हा टेबलावर बसणाऱ्या अख्ख्या गर्दीचा हिशेब हाच. डेझर्टसाठी थांबलेला प्रत्येक तास त्यांच्या फायद्याचा.

माझ्या मते पॅकेजमध्ये जेवणाचे किती आणि खेळाचे किती, हे वेगवेगळं छापणं सक्तीचं करावं. साध्या खानावळीतही सोलकढीचा भाव वेगळा लिहिलेला असतो.