पाण्यातील विष आणि पाखरांचा घास

बियाण्यास सरसकट इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळण्याची प्रथा बंद झाली पाहिजे, कारण त्याचा जो मोठा अंश पिकात न शिरता मातीतून ओढ्यानाल्यांस मिळतो, तो कीटकभक्षी गाणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्याच्या वापरास मनाई केली, ती मुख्यत्वे मधमाश्यांच्या रक्षणार्थ. पाखरांची फिर्याद हॉलंडमध्ये २०१४ सालीच गुदरली होती.

ज्या मुलखात लिटरभर पाण्यात हे द्रव्य २० नॅनोग्रॅमहून अधिक आढळले, तेथे असे पक्षी दरसाल सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत गेल्याचे डच संशोधकांनी दाखविले, आणि संशयाचा रोख उपासमारीकडे आहे. कारण हे विष डास-चिलटांच्या अळ्या पाण्यातच संपविते. घशात कीटकांची गोळी साठवून घरट्याकडे परतणारी भिंगरी रिकाम्या गळ्याने परतू लागली, म्हणजे आ वासून बसलेली पिले उपाशी राहतात. ज्याचा पंचनामा करावा असे प्रेत मात्र कोठेही सापडत नाही, आणि या अनर्थाचे खरे भय त्यातच आहे.

याच जातीच्या भिंगऱ्या व पिवळे धोबी हिवाळ्यात आपल्या नद्यांवर उतरतात, आणि हेच औषध आपल्या कपाशीसही लागते. कृषी खात्याने व प्रदूषण नियंत्रण मंडळाने येत्या पावसाळ्यापासून वर्धा, पूर्णा व गोदावरीच्या पाण्यातील त्याचे प्रमाण मोजून तालुकावार जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.