ऐन चौकात बंद पडणारा ट्रॅक्टर

एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकत. शेतासाठी बनलेली यंत्रं, चाकांवर पट्टे चढवून बर्फात घातलेली. त्याच जमान्यातल्या घडणीचा एखादा ट्रॅक्टर आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीत मात्र भर चौकात मान टाकतो. मागे ढोल-ताशा, पुढे पोलिसांची शिट्टी. ‘भंगारात घाला आता,’ असं गर्दीतलं कुणीतरी म्हणतंच.

हा निकाल घाईचा आहे. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला; १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि पुढे बी-२७५ गावोगाव पोहोचला. या पिढीच्या ट्रॅक्टरांना ना सेन्सर, ना संगणक. गावातला मिस्त्री चार पान्यांत ते खोलतो आणि जोडतो.

मग घोडं अडतं कुठं? वापरात. ट्रॅक्टर महिनोन्महिने गोठ्याशेजारी उभा असतो. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. मिरवणुकीच्या दिवशी हा गाळ फिल्टरमध्ये जातो, डिझेल तुटतं आणि पंप हवा धरतो. ती काढायला फिल्टरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा लागतो. काम थोडक्यातलं, पण गुलालात आणि डीजेच्या दणदणाटात ते करून बघावं! त्यात ताशी दोन-तीन किलोमीटरची चाल. ड्रायव्हरचा पाय सतत क्लचवर, म्हणजे प्लेट घासणार. अनेक जुन्या ट्रॅक्टरांवर डायनॅमो असतो आणि तो मंद इंजिनावर बॅटरी नीट चार्ज करत नाही. वर रोषणाईच्या माळा त्याच बॅटरीला जोडलेल्या. एकदा इंजिन बंद पडलं की सेल्फ नुसता कण्हतो.

दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं जातं, हार घातला जातो. त्याच दिवशी फिल्टर बदलायला काय हरकत आहे?

चौकातली फजिती निदान हसण्यावारी नेता येते. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा म्हातारा ट्रॅक्टर रात्री वळणावर बंद पडतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, तेव्हा मागून येणारा दुचाकीस्वार थेट ट्रॉलीवर आदळतो. तिथे दोष ट्रॅक्टरच्या वयाचा नसतो. कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊच नये. आणि मंडळांनी मिरवणुकीच्या आदल्या दिवशी टाकीचा गाळ काढून, रोषणाईसाठी वेगळा जनरेटर ठेवावा.